हिऱ्याचा खांदा

मोहगावात सांड एकच असायचा. गावच्या साऱ्या गाईंना तोच. बाकीचे गोऱ्हे वयात आले की खच्ची करून नांगराला आणि बंडीला जुंपत. कोणता गोऱ्हा सांड म्हणून राखायचा, हे चंपतराव ठरवत. त्यांच्याआधी त्यांचे वडील ठरवायचे. बुटीबोरीच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत गेलं की जी खेडी लागतात, तिथली माणसंही गोऱ्हा घ्यायच्या वेळी म्हणत, "चंपतरावाच्या डोळ्याखालून जाऊ दे एकदा."

चंपतराव उंच, सडपातळ आणि बोलण्यात भारी कंजूष. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले, तर पोरगी चहा घेऊन समोर आली आणि हे तिच्या पायांकडेच पाहत बसले. घरी आल्यावर त्यांची बायको जयवंता साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "माह्येही खूरच पाह्यले होते यायनं. तोंड लग्न झाल्यावर पाह्यलं." चंपतराव हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. जयवंताच्या म्हणण्यात खोटं फारसं नव्हतं.

लोक गोऱ्ह्याचं वशिंड पाहत, शिंगं पाहत, माईचं दूध विचारत. चंपतराव नवतप्याची वाट पाहत. मे महिन्याच्या शेवटी नागपूरकडे ते नऊ दिवस असे तापतात की कावळासुद्धा चोच उघडी ठेवून बसतो. त्या दिवसांत भर दुपारी ते गावचे सगळे गोऱ्हे आखरावर, म्हणजे गावाबाहेर गुरं जमतात त्या मैदानावर, सोडायला लावत आणि स्वतः डोक्यावर ओलं फडकं टाकून उन्हातच बसत. जो तोंड उघडून धापा टाकेल तो बाद. जो सावली शोधत पळेल तोही बाद. जो धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, वाळक्या काड्या शांतपणे चघळत राहील, त्याच्याजवळ जाऊन ते पांढऱ्या केसांखालची कातडी बोटांनी उघडून पाहत. खाली काळीभोर कातडी असली की म्हणत, "हा."

हिऱ्याला त्यांनी असंच निवडलं होतं. गवळाऊ जातीचा, अंगानं हलका, चालीनं घोड्यासारखा. सांड चंपतरावांच्याच कोठ्यात बांधायचा, अशी वहिवाट होती. ढेप आणि सरकी गावातून गोळा व्हायची, राखण मात्र त्यांची. सकाळी ढोरकी गाई घेऊन कोठ्यासमोरून निघाला की हिऱ्या एक लांब डरकाळी फोडायचा. बाया त्या आवाजावर चुलीवरचं आधण उतरवायच्या.

वडिलांनी निवडण्याची रीत जशी शिकवली होती, तशी एक अटही शिकवली होती. लेक माजावर आली की बाप गावात नको. सांडाच्या कालवडी फळायच्या वयाला आल्या की सांड शेजारच्या धामणीला द्यायचा आणि धामणीचा इकडे आणायचा. दोन्ही गावं पिढ्यान्पिढ्या हे करत आली होती. धामणीकडून हा व्यवहार रुपराव पाहत. ते चंपतरावांचे लहानपणापासूनचे मित्र.

हिऱ्याची जायची वेळ बहात्तर साली आली, आणि त्याच साली पावसानं दगा दिला. कुटार संपलं, कडबा संपला. लोकांनी पळसाची पानं ओरबाडून गुरांपुढे टाकली. चंपतरावांनी कोठ्यावरचं जुनं गवत काढून, झटकून, पाणी शिंपडून हिऱ्याला घातलं. आखरामागच्या खड्ड्यात रोज कोणाचं ना कोणाचं जनावर ओढत नेलं जाई. हिऱ्याच्या बरगड्या निघाल्या, पाठ आरीसारखी झाली, पण तो बसला नाही. रात्रीसुद्धा उभाच असायचा. बसलेलं जनावर त्या वर्षी पुन्हा उठत नाही, हे जणू त्याला कळलं होतं.

पुढच्या साली चारा झाला. रुपराव आपला सांड घेऊन स्वतः मोहगावला आले.

"चाल गा चंपत, सोड हिऱ्याले," ते म्हणाले. "साल वाया गेलं एक. माह्या गाई वाट पाहून राहिल्या."

चंपतराव हिऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. "पुढच्या साली नेजो."

"काहून? कालवडी आल्या ना तुह्या माजावर?"

"असं साल काढलं यानं, रुपराव. असा सांड मोहगावले पुन्हा भेटन काय? याचं बीज जितकं गावात राहीन, तितकं बरं."

"बाप काय सांगून गेला तुह्या?"

"बापानं असं साल पाह्यलं नव्हतं."

रुपराव आल्या पावली परत गेले. जाताना जयवंताला म्हणाले, "वहिनी, हात जोडून सांगून राहिलो. समजवा याले." जयवंतानं त्या रात्री सांगून पाहिलं. चंपतराव इतकंच म्हणाले, "कोठा सुना पडन वं." गोष्ट तेवढीच होती. उपाशी दिवसांत ज्याला कोठ्याचं छप्पर खाऊ घातलं, त्याचं दावं दुसऱ्याच्या हातात देणं त्यांना जमलं नाही. त्या न जमण्याला त्यांनी बीज हे नाव दिलं, आणि गावानंही मान डोलावली, कारण डोळा चंपतरावांचा होता.

पुढचं सालही तसंच गेलं. हिऱ्याच्या लेकींची पहिली वासरं पंचाहत्तरच्या होळीच्या सुमाराला झाली. हिऱ्याचीच. अंगानं लहान. एकाच्या पुढच्या पायांना बाक होता. एकाला उठायलाच दोन दिवस लागले. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं सरकी कुबट होती. चंपतरावांना पहिलं वासरू पाहताच कळलं होतं. त्यांनी त्याची कातडी उघडून पाहिली. काळीच होती. ते घरी आले आणि जेवले नाहीत.

मग नवतपा लागला. ज्या उन्हात हिऱ्या वाळक्या काड्या चघळत उभा राहिला होता, त्याच उन्हात त्याची नातवंडं, जी त्याचीच लेकरंही होती, सावलीत पडून धापा टाकू लागली. चंपतराव घरोघर गेले. ओली पोती टाकली, कांद्याचं पाणी पाजलं. वासरं एकेक करून गेली. दोन-तीन तेवढी वाचली, तीही खुरटी.

रुख्माबाईंच्या घरी ते शेवटी गेले. नवऱ्यामागे त्यांच्याकडे एक कालवड तेवढी होती. लेकरासारखी वाढवली होती. तिचं वासरू दारातच पडलं होतं आणि कालवड त्याला चाटत होती. चंपतराव उकिडवे बसले. रुख्माबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"याले सांड तुमीच निवडला होता ना, भाऊ?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मंग ठीक आहे. तुमी निवडला म्हणजे चांगलाच असन."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं. चंपतरावांना वासराच्या अंगावरचा हात काढून घेता येईना.

दुसऱ्या दिवशी ते हिऱ्याला घेऊन धामणीला निघाले. ऊन चढायच्या आत पोचले. रुपरावांच्या कोठ्यात सांड नव्हता. लालसर ठिपक्यांची दोन वासरं होती, त्यांच्या अंगावर ओली पोती आणि दारावर वाळ्याची ताटी.

"सांड कोठी आहे?" चंपतरावांनी विचारलं.

"सांड आता कोण बांधते गा? आनंदराव सुई लावून जाते." आनंदराव म्हणजे गुरांच्या सरकारी दवाखान्यातले माणूस, थंड देशातल्या सांडाचं बीज ते नळकांडीतून आणून गाईला भरत. "दूध दुप्पट निघते. नागपूरले गाडी जाते रोज."

"ऊन सोसत नाही हे."

"नाही सोसत. म्हणून ताटी लावली." रुपरावांनी हिऱ्याच्या वशिंडावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "दोन वर्षांआधी आला असता तं साऱ्या धामणीनं ओवाळला असता याले. आता दहा वर्षांचा झाला. आर्वीकडे सांड ठेवते अजून लोक, पण थे तरी दहा वर्षांचा काहून घेतीन?"

जयवंतानं सोबत दिलेली भाकर चंपतरावांनी तिथे सोडलीच नाही. परत येताना हिऱ्या मध्येच थांबून धामणीच्या गाईंकडे पाहत होता. त्याला ओढावं लागलं.

आता सांड मोकळा सोडता येत नव्हता आणि बांधून ठेवला तर दावं तोडत होता. एकदा त्यानं कोठ्याचं दार पाडलं. गावात कुजबुज सुरू झाली, आणि कुजबुज ऐकून गुलाबचंद आला. गुलाबचंद बाजारोबाजारी फिरणारा जनावरांचा व्यापारी. माणूस गोड, पण पोटात एक ओठात एक असा नव्हता. हिऱ्याभोवती तो एक फेरी फिरला.

"दात नाही पाहत काय?" चंपतरावांनी विचारलं.

"जुंपायचा असन तं दात पाहतो, चंपतराव. याचं तं वजनच पाहा लागते." गुलाबचंदनं मान खाली घातली. "तुमाले खोटं काय सांगू? कुठी जाईन हे तुमाले माहीत आहे. मी नाही नेला तं दुसरा नेईन."

"तू जा," चंपतराव म्हणाले. "तुह्यावर राग नाही माह्या."

उरला एकच मार्ग. त्यांनी आनंदरावांना निरोप पाठवला. आनंदराव सायकलवरून आले, हिऱ्याला पाहिलं आणि टोपी काढून हातात घेतली.

"गोऱ्हा असता तर गोष्ट वेगळी, काकाजी. या वयात खच्ची करायचा म्हणजे सूज येते. मरूही शकतो."

"बाजारात तं मरनच."

"थंडी पडू द्या मग. माश्या नसतात."

त्यांनी थंडीची वाट पाहिली. पौषात एका सकाळी, धुकं आखरावर बसलं असताना, हिऱ्याचे पाय बांधून त्याला आडवा पाडला. चार माणसं दोर धरून होती. डोकं चंपतरावांनी धरलं. मानेवर गुडघा टेकला आणि आपला शेला त्याच्या डोळ्यावर टाकला. आनंदरावांच्या चिमट्याचा आवाज दोनदा आला, सुपारी फुटावी तसा. हिऱ्या ओरडला नाही. त्याच्या नाकातून वाफ निघाली, तीच चंपतरावांच्या हातावर आली, आणि मग बराच वेळ आलीच नाही. जयवंता दारातून आत निघून गेली.

हिऱ्या जगला. सूज ओसरली. पण मान उतरली, वशिंड एका बाजूला कललं. गाई समोरून गेल्या तरी तो गव्हाणीतून तोंड वर काढीना. डरकाळी बंद झाली. बाया म्हणत, "ढोरं कधी गेली पत्ताच लागत नाही आता."

उन्हाळ्याआधी गाव पारावर बसलं. सुई लावायची की सांड ठेवायचा, यावर बरंच बोलणं झालं. आनंदराव म्हणाले, "दूध वाढते हे खरं. ऊन सोसत नाही हेही खरं. तुमच्याकडे वाळ्याच्या ताट्या किती घरी आहेत, ते पाहा." अखेर आर्वीकडून एक गोऱ्हा आणायचं ठरलं आणि सगळ्यांनी चंपतरावांकडे पाहिलं. ते मागे, देवळाच्या एका खांबाला टेकून बसले होते. रुख्माबाई बायांतून म्हणाल्या, "जाऊन पाहून या ना, भाऊ."

"पाहून येईन," चंपतराव म्हणाले. "पण माह्या कोठ्यात नाही बांधणार. केशवच्या कोठ्यात बांधा. अन् चौथ्या साली तो आर्वीले परत जाईन, हे आजच बोलून ठेवा."

"तुमच्या घरची वहिवाट आहे, काकाजी," केशव म्हणाला. तो जवान शेतकरी, उत्साही.

"होती."

नवतप्यात ते आर्वीकडे गेले, दिवसभर उन्हात बसले आणि एक गोऱ्हा घेऊन आले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी घरोघर बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकणं सुरू झालं. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांचा तो मान. चंपतरावांनी आपल्या जोडीचे खांदे शेकले आणि मग वाटी घेऊन हिऱ्याजवळ गेले. शेजारचा नत्थू कुंपणावरून पाहत होता.

"सांडाचा खांदा काहून शेकून राहिले गा? जू तं कधी ठेवलं नाही त्याच्यावर."

"तूप माह्या घरचं आहे, नत्थू भाऊ," जयवंता आतून म्हणाली.

चंपतरावांच्या बोटांना खांद्यावर घट्टा लागला नाही. कातडी मऊ होती. त्यांनी रीतीप्रमाणे त्याच्या कानाशी म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी हिऱ्यानं पुरणपोळी हुंगली आणि तोंड फिरवलं. पुढचा नवतपा त्यानं काढला नाही. ज्यानं बहात्तर साल उभ्यानं काढलं होतं, तो एका दुपारी बसला आणि उठला नाही.

आर्वीचा सांड केशवच्या कोठ्यात वाढला. वासरं चांगली निघाली. रुख्माबाईंच्या गाईला पांढरीशुभ्र कालवड झाली. चौथ्या साली, उजाडताना, चंपतराव दोर घेऊन केशवच्या दारात उभे राहिले.

केशव सांडाला ढेप चारत होता. त्यानं दोर पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "आणखी एक साल राहू द्या ना, काकाजी. असा सांड पुन्हा नाही भेटत. पाहा तरी याच्याकडे."

चंपतरावांनी पाहिलं. सांड खरोखर देखणा होता, आणि ढेपेचं घमेलं अजून अर्धं भरलेलं होतं.

"खाऊ दे त्याले," ते म्हणाले आणि ओट्यावर बसले. घमेलं रिकामं झाल्यावर उठले, सांडाच्या गळ्यात आपला दोर घातला आणि केशवचं दावं सोडून त्याच्या हातात दिलं. आर्वीची वाट लांब होती. ऊन व्हायच्या आत निघायला हवं होतं.