शाळेच्या तुळईमागची वटवाघळे

पोलादपूर, ११ जून १९५८

मित्रहो, तीन महिने पत्र नाही, माफ करा.

आमची शाळा एका जुन्या घरात भरते. घर पक्के असल्याचा दाखला मीच दिला होता, दारातूनच पाहून.

आज झाडलोट करणाऱ्या सोनूबाई म्हणाल्या, "गुरुजी, रोज लेंड्या झाडतंय मी. तुमी वर कवा बगितलंत?"

शिडीवर चढलो. भिंत तुळईपासून सुटली होती आणि हात जाईल एवढ्या फटीत वटवाघळे दाटीने लटकली होती. खाली मुले पाढे म्हणत होती.

"ती हाकलाल," सोनूबाई म्हणाल्या, "पन फट कशान बुजवाल? पाऊस तोंडावर हाय."

मुलांना लगेच घरी पाठवले. पालकांना कारण सांगितले, वटवाघळे. फटीचे बोललोच नाही. तुम्ही बोलला असता का?

उद्या: महाडच्या कचेरीत जाऊन माझा दाखला चुकीचा असल्याचे लिहून देणे.