अर्धा कप

चहाच्या टपरीवर साखरेचा डबा दिसला की मामांचा हात आधी त्यात जायचा. चिमूटभर साखर दोन बोटांत चोळायची, उजेडात धरून बघायची आणि नापास करायची.

"हा आपला दाना न्हाई."

"मामा, चहाला काय फरक पडतो?" टपरीवाला वैतागायचा.

"चहाला न्हाई पडत. मला पडतो."

आमच्या साखर कारखान्यात मामा पॅनमन होते. रस आटून दाट झाला की पॅन नावाच्या एका प्रचंड बंद भांड्यात त्याचा दाणा धरवायचा असतो. आतला नमुना काचेच्या पट्टीवर काढायचा, दिव्यासमोर धरायचा आणि दाणा कुठवर आला ते ओळखायचं. मी लॅबमधला केमिस्ट, माझ्याकडे यंत्रं होती. पण मामांचा निकाल आधी लागायचा आणि माझा आकडा गुमान त्यांच्या मागून यायचा.

असे हे मामा दिवसभर प्यायचे. तुम्ही म्हणाल, मग झिंगत असतील. छे! कडक इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी, तोंडात लवंग. पाण्याच्या स्टीलच्या बाटलीत माल असायचा आणि औषधासारखे वेळेवर चार-चार घोट जायचे. नोकरीत एक खाडा नाही. कुणी विषय काढलाच तर उत्तर ठरलेलं, "ड्युटी कधी चुकली का आपली?" यावर कोण काय बोलणार? आम्हाला दाणा चांगला मिळत होता. बाटलीत काय आहे, ते बघायची गरज कुणालाच नव्हती.

घ्यायचो तर मीही. पण फक्त संध्याकाळी, फक्त घरी आणि फक्त चांगली. म्हणून मी दारुडा नव्हे, असं माझं शास्त्र होतं.

कॉलनीत आम्ही शेजारी. मामी हाक मारून चहाला बोलवायच्या आणि हातात अर्धा कप ठेवायच्या. मामांना अर्धा, मला अर्धा. माझ्या बायकोला मात्र भरलेला मिळायचा, ते मला बायकाबायकांचं प्रेम वाटायचं. साखर कारखान्यातल्या माणसाच्या घरी ही कंजुषी, म्हणून मी मामींना चिडवायचो. त्या हसून म्हणायच्या, "भरलेला लौकर गार व्हतो." केमिस्ट असून मी हे ऐकून घ्यायचो.

एका हंगामात, शेवटच्या आठवड्यात, मामांची बाटली घरी राहिली. दुपारपर्यंत त्यांच्या हातातली काच दिव्यासमोर थरथरायला लागली. दाणा दिसेना. ते घाईने घरी जाऊन बाटली घेऊन आले, चार घोट घेतले, हात शांत झाला आणि पॅन वेळेत उतरला. कुणाला काही कळलंसुद्धा नाही. पण पाळी सुटल्यावर मामा माझ्याजवळ येऊन बसले. चेहरा उतरला होता.

"साहेब, इतकी वर्सं मी म्हनत हुतो, हात माझा हाय. हात त्या बाटलीचा हाय."

बायको रडली होती, भाऊ भांडले होते, तेव्हा त्यांनी सोडली नव्हती. आता कारागिराचा अपमान झाला होता.

गाळप संपल्यावर त्यांनी सोडायचं ठरवलं आणि सल्लागारांची रांग लागली. बॉयलरवरच्या अण्णांनी माळ घालून दारू सोडली होती, ते माळ घेऊन आले. आमचा एक फिटर बेलापूरला चर्चच्या हॉलमध्ये दर मंगळवारी भरणाऱ्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बैठकीत जाऊन सुटला होता, तो मामांना न्यायला आला. मामांनी दोघांना चहा पाजला आणि हात जोडले. "तुमचं खरं हाय. पन माळंला मी फशिवनार, आन चार मान्सांत मला बोलता येत न्हाई. दान्याला काय फशिवता येत न्हाई."

डॉक्टरांकडे मात्र गेले. त्यांनी आठ दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. एकदम सोडलेली दारूही जिवावर उठते, हे मला तेव्हा कळलं.

घरी आल्यावर मामांनी स्वयंपाकघराचा कारखाना केला. रोज पातेल्यात पाक आटवायचा, थेंब काचेवर घ्यायचा आणि खिडकीत धरून उभं राहायचं. काच हलायची, मामा पुन्हा थेंब घ्यायचे. घरभर मुंग्या झाल्या. मामी कावल्या, "दारू बरी हुती, तिला मुंग्या तरी लागत नव्हत्या!" आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

नवा हंगाम लागला. पहिला पॅन, सकाळचे दहा वाजलेले, भोवती सगळे उभे. मामांचा हात अजून कापत होता. मी त्यांच्या कानाशी लागलो. "मामा, आजच्या दिवस दोन घोट घ्या. उद्यापासून परत सोडा."

हे मी बोललो. आज लिहितानाही लाज वाटते.

मामा चिडले नाहीत. "काच तुमी धरा," ते म्हणाले. "बघायचं काम डोळ्याचं हाय."

मी काच दिव्यासमोर नेली आणि ती थरथरायला लागली. मामांच्या हातात थरथरत होती त्याहून जास्त. मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि माझं मनगट धरलं. दोघांचे कापरे हात एकमेकांना टेकले आणि काच ठरली.

"झाला दाना. उतरवा," ते ओरडले. मग फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "मामीला ठावं हुतं. माझं बी आन तुमचं बी. सांडू ने म्हनून अर्धा कप देती."

त्या मंगळवारी मी बेलापूरला गेलो. मामांना एकट्याने जमलं, मला चार माणसांत बोलल्याशिवाय जमलं नाही. मध्ये दोनदा पाय घसरला. मामांनी कधी उपदेश केला नाही. मंगळवारी लॅबच्या दारात येऊन घड्याळाकडे बघायचे, एवढंच. "साहेब, बस चुकंल."

मामांचा हात संक्रांतीपर्यंत ठरला आणि त्यांचा कप भरला. माझा पाऊणपर्यंत आला, तेवढ्यात ते निवृत्त होऊन शेवगावकडे आपल्या गावी गेले. मग मंगळवारी फोन यायचा. "निघाले का?"

गेल्या वर्षी एका मंगळवारी फोन आला नाही. हृदयविकाराने मामा गेले. शेवटपर्यंत पुन्हा दारूचा थेंब घेतला नाही.

मी भेटायला गेलो. खिडकीत काचेची ती पट्टी होती आणि तिच्याजवळ मामींनी चिमूटभर साखर ठेवली होती. मुंग्यांची रांग लागली होती. मामी आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. कप काठोकाठ भरलेला होता, खाली बशीही नव्हती.

मी तो एका हाताने घेतला. मामी चहाकडे बघत नव्हत्या, माझ्या हाताकडे बघत होत्या. थेंब सांडला नाही.

"प्या निवांत," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "भरलेला लौकर गार व्हत न्हाई."