सही त्याची, मजकूर माझा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. गुरुवारी दत्ताला जाते, संकष्टी धरते, त्यापलीकडे देवाधर्माच्या भानगडीत मी पडत नाही. तरी गेली दहा-बारा वर्षं टाइपरायटरवर कागद चढवला की मी आधी त्याच्या तळाशी बघते. तिथे आधीच कुणाची सही नाही ना, एवढंच बघते. कागद मीच नुकता रिमातून काढलेला असतो. तरी बघते.

पिंपरीच्या एका कारखान्यात मी लेबर ऑफिसात टायपिस्ट होते. हायवेच्या दोन्ही अंगांना तेव्हा शेड उभ्या राहत होत्या. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचीच मुलं त्या शेडमध्ये आठ-आठ तास उभी राहायची. आमच्याकडे निम्मे कामगार चाकणकडच्या गावांतले होते. पुढे जे झालं ते कळायला एवढं माहीत असावं लागतं.

आणखी एक गोष्ट. कच्च्या, म्हणजे कायम न केलेल्या, कामगाराला घेताना त्याच्याकडून दोन कोऱ्या कागदांवर खाली सही करून घ्यायची पद्धत होती. माणूस नडला, तर सहीच्या वरच्या जागेत राजीनामा टाइप करायचा. हे लिहिलेलं कुठे नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. कामगारालाही माहीत असायचं. ते कागद फाइलला लावायचं काम माझं होतं. मी त्यांना टाचणी टोचत नसे, भोकं दिसू नयेत म्हणून आतल्या पाकिटात ठेवत असे. कामात मी चोख होते.

कंपनीचा कबड्डीचा संघ होता. त्याचा कॅप्टन मशीन शॉपमध्ये कच्चा कामगार होता. त्याला सगळे कॅप्टनच म्हणायचे, मीही इथे तेच म्हणते. तो कासारवाडीतच, आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडच्या चाळीत राहायचा. घर बौद्ध. वडील रेल्वेत गँगमन. त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देवांचे टाक नदीत सोडले होते, हे सगळ्या आळीला माहीत होतं. कॅप्टन संध्याकाळी स्टेशनामागच्या मैदानात सराव करायचा. एका दमात तो इतका वेळ ‘कबड्डी कबड्डी’ म्हणायचा, की माझी आई भाकरी थापता थापता म्हणायची, “अगं, त्याला कुणीतरी श्वास घ्यायला सांगा.”

चाकणच्या पुढच्या एका गावात जत्रेत कबड्डीचे सामने असत. गावातले लोक त्याला हुतूतूच म्हणत. त्या वर्षी आमचा संघ पुन्हा अंतिम सामन्याला गेला आणि कंपनीने बस सोडली. रविवार होता, मीही गेले. कॅप्टनचे वडीलही आले होते. ते मूळचे त्याच गावचे. तरुणपणी त्याच जत्रेत ते देवळाच्या पायऱ्यांखाली उभे राहून हलगी वाजवायचे.

आमचा संघ जिंकला. रीत अशी की जिंकलेल्या कॅप्टनने बक्षिसाची ढाल घेऊन पायऱ्या चढायच्या, ती देवापुढे ठेवायची, गुलाल लावून घ्यायचा आणि मग खाली यायचं. आधीच्या वर्षीही आम्हीच जिंकलो होतो, पण तो साधा खेळाडू होता. तेव्हा तो मागे राहिला होता आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. आता कॅप्टन होता.

सरपंचांनी माइकवर सांगितलं, “देवाच्या किरपेनं कंपनीची पोरं जिकली. आता कॅप्टन, दोन शब्द बोला आन् ढाल घिऊन चला वर.”

त्याने माइक घेतला. अजून धापा टाकत होता.

“ढाल वर ठेवायला सांगताय. माझा बाप या पायऱ्यांच्या खाली हलगी वाजवायचा. त्याला वर येऊ दिलं नाही. आज मला बोलावताय, कारण माझ्या हातात ढाल आहे. सामना आम्ही सात जणांनी जिंकला. देवाने नाही. मी देव मानत नाही. तुम्ही माना, माझं काही म्हणणं नाही.”

ढाल त्याने वडिलांकडे नेऊन दिली.

 मागून आरडाओरडा सुरू झाला. “आरं खाली घ्या त्येला!” “कुनाच्या जत्रंत काय बोलतुया!” एकाने चप्पल फेकली, ती पंचाला लागली. पंच म्हणाला, “मी काय केलं राव?” त्यावर काही लोक हसले, आणि तेवढ्या सवडीत आम्ही बसमध्ये चढलो.  परतीच्या वाटेवर त्याचा म्हातारा बाप मुलाशेजारी बसून ढाल मांडीवर धरून सारखा बाहेर बघत होता. ताठ बसला होता. गँगमनचं काम करून पाठीत बाक आलेला माणूस मी तसा बसलेला आधी पाहिला नव्हता.

सोमवारी त्या गावचे आणि शेजारच्या दोन गावांचे कामगार कामावर आले नाहीत. मंगळवारी गेटवर आले, पण आत येईनात. त्यांचं म्हणणं, त्याने माफी मागावी, नाहीतर त्याला काढा. आमचे साहेब वाईट नव्हते. त्यांना यंत्रं चालू हवी होती. त्यांनी मला बोलावलं.

“बाई, त्याला कायम करण्याची ऑर्डर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सहीसुद्धा झालीय. त्याला म्हणावं, तीन ओळी लिहून दे. तुमचं मराठी चांगलं आहे, तुम्हीच मसुदा करा.”

मी मसुदा केला. ‘माझ्या बोलण्यामुळे ग्रामस्थांच्या भावना दुखावल्या. मी माझे शब्द मागे घेतो व सर्वांची माफी मागतो.’ कॅप्टन ऑफिसच्या खिडकीशी आला. उभ्याउभ्या वाचलं.

“बाई, यातला कुठला शब्द खोटा होता?”

“खऱ्याखोट्याचा प्रश्नच नाहीये. कायम होशील.”

“कुणी दुखावलं असेल तर वाईट वाटतं म्हणून लिहून देतो. मागं घेतो म्हणून नाही.”

“तेवढ्यानं भागणार नाही रे.”

“मग राहू दे.”

“खेळाडूनं खेळावं. भाषण कुणी सांगितलं होतं तुला?”

“त्यांनीच दिला की माइक,” तो म्हणाला, आणि हसला. मला त्याचा राग आला. खरंच आला. घरी आजारी बायको, म्हातारा निवृत्तीला आलेला, आणि हा हसतो.

शनिवारी साहेब म्हणाले, “सोमवारपर्यंत माफी नाही आली तर त्याच्या फाइलमधला कागद काढा आणि राजीनामा टाइप करून माझ्याकडे आणा.”

मी सोमवारी सकाळी लवकर आले. पाकिटातून त्याचा कोरा कागद काढला. खाली त्याची सही होती, शाळेतल्यासारखी, प्रत्येक अक्षर वेगळं काढलेली. कागद चढवला. राजीनाम्याला लागतात तेवढ्याच ओळी माफीला लागतात. मी माफी टाइप केली.

तेव्हा मला वाटलं मी त्याला वाचवलं. आजवर मी हे कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे नीट सांगते: मला वाटलं नव्हतं, खात्री होती. आठवडाभर गुरगुरेल, मग ऑर्डर हातात पडली की गप्प होईल, वर्षाने पेढे आणून देईल. लोकांचं भलं कशात आहे ते मला चटकन कळतं, असं मी समजत होते.

साहेबांनी सही बघितली. “शहाणा निघाला,” म्हणाले. एक प्रत नोटीस बोर्डावर लागली, एक गावाला गेली. तिथे ती लाउडस्पीकरवर वाचली. गेट मोकळं झालं.

दुपारी तो खिडकीशी आला.

“सही माझी आहे. पण मी केलेली नाही.”

“केली होतीस. कामाला लागलास तेव्हा.”

त्याने थोडा विचार केला. “म्हणजे माफी मी तेव्हाच मागून ठेवली होती.”

“राजीनामा टाइप करायला सांगितलं होतं त्यांनी. मी हे केलं. तुला नको असेल तर आत्ता जाऊन सांगते. दोघंही घरी जाऊ.”

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. “तुमच्या घरी कोण कोण आहे?”

“आई. दोन भाऊ शिकतायत.”

“असू दे मग,” तो म्हणाला आणि शॉपमध्ये गेला.

त्याने कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आधी माझी नोकरी गेली असती. आळीत लोकांना एवढंच कळलं की पोराने नोकरीसाठी शब्द गिळला. ज्यांनी त्या रविवारनंतर त्याला खांद्यावर घेतलं होतं, ते त्याला बघून पानाच्या टपरीवर पाठ फिरवू लागले. वडिलांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. भांडण नाही, काही नाही. एकाच खोलीत राहायचे आणि बोलायचे सुनेशी.

त्या हिवाळ्यात दुसऱ्या एका कारखान्याशी आमच्याच मैदानावर सामना झाला. कबड्डीत तोंड बंद पडलं की माणूस बाद. हात-पाय कितीही चालोत, चढाईत शब्द तुटला की संपलं. कॅप्टन चढाईला गेला, ‘कबड्डी कबड्डी’ सुरू झालं, समोरचे साखळी धरून मागे सरले. मध्यावर तो थांबला. दम संपला नव्हता. छाती भरलेली दिसत होती. नुसता ओठ मिटून उभा राहिला. समोरच्यांनाही कळेना धरावं की नाही. पंचाने बाद दिला, तसा तो मैदानाबाहेर गेला आणि कपडे घालून घरी गेला. पुन्हा खेळला नाही. लोक म्हणाले पाठीत लचक भरली असेल.

तेव्हापासून माझ्या कानाला एक खोड लागली. मशीनवर मी सलग टाइप करत असते, टकटक टकटक, आणि एकदम वाटतं की आता हे मध्येच थांबणार. बोटं चालू असतात तरी वाटतं. मग मी उगीचच जोरात टाइप करते. नव्या मुली हसतात. “मॅडम, कागद फाटेल.”

एकदा मी म्हाताऱ्याला खरं सांगायला गेले. ठरवून गेले, रजा टाकून, भर दुपारी, कॅप्टन पहिल्या पाळीला असताना. म्हातारा दारात खाट टाकून बसला होता. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली खिळ्याला ती ढाल, उलटी टांगलेली. भिंतीकडे तोंड. सुनेने चहा दिला.

म्हातारा म्हणाला, “हापिसातल्या बाई न्हाई का तुमी? पोरगं कायम झालं तवा तुमचं लई उपकार झालं म्हनं.”

“उपकार कसले.”

“पोटासाठी केली त्येनं सही. व्हय, मला कळतंय. मी बी पोटासाठी हलगी वाजवलीच की. दोस न्हाई देत मी त्येला.” कपातलं बशीत ओतलं. “पन त्या दिशी माज्या हातात ढाल दिली आन् मला वाटलं, हे पोरगं न्हाई वाजवनार. आता त्येच्याकडं बघवत न्हाई, एवढंच.”

माझ्या तोंडाशी वाक्य आलं होतं. सही जुनी होती, एवढे तीन शब्द पुरे होते. धाकटा भाऊ त्या वर्षी शेवटच्या परीक्षेला बसणार होता. मी चहा प्यायले, पाठीचं दुखणं कसं आहे विचारलं आणि निघाले. सून फाटकापर्यंत सोडायला आली होती. ती म्हणाली, “काही काम होतं का बाई?” मी म्हटलं, “काही नाही. या बाजूला आले होते.”

कॅप्टन अजून कारखान्यातच आहे. चांगलं काम करतो. काही सही करायची असली, की मजकुराच्या शेवटापासून खाली सहीच्या जागेपर्यंत तो पेनाने तिरकी रेघ मारतो. पगारपत्रक असो, बोनसचा कागद असो. इतर कामगारही त्याचं बघून मारू लागले. नवे साहेब म्हणाले, “ही काय फॅशन?” मी म्हटलं, “इथली पद्धत आहे.”

कोरे कागद मी ऑफिसातली मुख्य खुर्ची मिळाल्यावर बंद केले. त्याचं कौतुक मला सांगायचं नाही. तोपर्यंत बऱ्याच जणांचे वापरून झाले होते.

मागच्या वर्षी म्हातारा गेला. कॅप्टन रजेसाठी आला. आता त्याचेही केस पिकलेत. फॉर्म माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “तुम्हीच भरा, बाई. आज मला सुचत नाही.”

मी पेन घेतलं. ठेवलं. “मी एकदा गेले होते त्यांच्याकडे. सांगायला.”

“माहीत आहे. बाप माझ्या बायकोला म्हणाला होता, हापिसातल्या बाई आल्या आणि चहा पिऊन गेल्या, कशाला आल्या कळलं नाही.”

“मी चुकले रे.”

त्याने खिडकीच्या गजाला हात लावला. आवाज चढला नाही. “आता कुणाला सांगताय?”

 मी फॉर्म भरू लागले. कारण: वडिलांचे निधन. “किती दिवस लिहू?”

“चार.”

मी सात लिहिले. चार दिवसांत काय होणार त्याचं, पाहुणे येतील, विधी असेल, शिल्लक रजाही भरपूर होती. फॉर्म त्याच्याकडे सरकवला. त्याने पहिल्या ओळीपासून बोट ठेवून वाचला. सातावर बोट थांबलं. माझ्या हातातलं पेन मागून घेतलं, सात खोडून चार केले, शेजारी सही केली आणि पेन परत दिलं.