आईच्या ओट्यासाठी पातं

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा कल्याणच्या हॉस्पिटलात तिच्या खाटेशेजारच्या स्टुलावर मी टिकतच नव्हते. सलाइन बघ, खिडकी उघड, परत लाव. शेवटी तीच म्हणाली, "तू जा जरा घरी. तुझ्या येरझाऱ्यांनी मला दम लागतो."

आई डोंबिवलीच्या घरात, ओट्यापुढच्या ओल्या फरशीवरून घसरून पडलेली. बाबा बाहेरच्या खोलीत होते. तेव्हापासून स्वयंपाकघर म्हटलं की त्यांचा चेहरा बदलायचा. डॉक्टरांनी काही महिने उभ्याने काम नको म्हटल्यावर त्यांनी लगेच स्वयंपाकाला बाई बघायला घेतली. ते औषधं आणायला गेल्यावर आई मला म्हणाली, "ओटा कापता येईल का गं? गॅस आणि सिंकच्या मधला तुकडा खाली घ्यायचा. मी खुर्चीत बसून करीन."

दगड कापणं माझं रोजचं काम. लग्नानंतर सासऱ्यांच्या कोलशेतच्या गाळ्यात फोन घ्यायला म्हणून बसले आणि हळूहळू कटर हातात आला. ओटे, बेसिनखालचे दगड, सिंकची भोकं, सगळं कापते. पण ते गाळ्यात, मोठ्या मशीनवर. आईचा ग्रॅनाइटचा ओटा होता तिथेच, हातातल्या कटरने कापायचा होता. खाली कडप्प्याचे आधार होते, त्यामुळे उरलेले भाग लटकणार नव्हते. भीती कडांची होती. निघालेला तुकडाच खाली बसवायचा, म्हणजे प्रत्येक कड डोळ्यांसमोर राहणार. कपच्या उडाल्या असत्या तर लपवायला जागा नव्हती.

गाळ्यातली कटरची पाती मी उलटीपालटी करत बसले. खाचांचं पातं भराभर कापतं, पण ग्रॅनाइटची कड कुरतडल्यासारखी करतं. मला बिनखाचांचं, अखंड कडेचं, बारीक हवं होतं. माझ्याकडचं होतं ते झिजून गुळगुळीत झालेलं. विटेवर चालवून त्याला धार आणायचा प्रयत्न केला. मग तो सोडून स्कूटर काढली आणि विठ्ठलवाडीच्या दुकानात गेले. दुकानदाराने दिलेलं पातं अखंड कडेचंच होतं, पण संगमरवरासाठीचं. मऊ दगडासाठीचं पातं ग्रॅनाइटवर लगेच बोथट होतं, मग ते कापण्याऐवजी घासत राहतं आणि दगड तापतो. ते परत केलं. ग्रॅनाइटसाठीचं मिळालं, तरी घरी येईपर्यंत दोनदा थांबून डिकी उघडून बघितलं की चुकून दुसरंच तर दिलं नाही ना.

बाबांना ओटा कापायचं सांगितलं. ते म्हणाले, बाई येणारच आहे, आईला पुन्हा त्याच जागी कशाला न्यायचं. मी म्हटलं, तिनेच सांगितलंय. त्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तुटला तर तिला काय सांगू?"

गाळ्यातून आणलेल्या काळ्या तुकड्यावर मी आधी काप घेऊन त्यांना दाखवला. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि लुंगी वर खोचली. ओट्यावर चिकटपट्टी लावून तिच्यावर रेघ मारली. पाण्याची बारीक नळी बाबांनी धरली. पहिल्या फेरीत नुसती खाच पाडली, मग दर फेरीला थोडं खोल. घाई करायची नाही हे मला पाठ आहे, तरी हात पुढे ढकलू बघत होता. मध्येच कटर थांबवून मी गॅलरीत जाऊन आले. परत आले तर बाबा तसेच, नळी हातात धरून उभे. दुसरा काप संपत आला तेव्हा तुकडा किंचित खचला. खालून लाकडाचा टेकू दिला होता, त्याने तो धरला. पट्टी सोलली. दोन्ही कडा सरळ होत्या. मागच्या कोपऱ्यात तांदळाएवढी एक कपची उडालेली, तेवढीच. मग तोच तुकडा खुर्चीत बसून हात पोचेल इतका खाली बसवला.

आई वॉकर घेऊन घरी आली ती थेट आत गेली. तिने आधी ती कपचीच शोधून काढली. मग खुर्चीत बसून कोपर दगडावर टेकवून बघितलं आणि म्हणाली, "अजून बोटभर खाली चालला असता." पण त्या संध्याकाळी मेथी तिनेच निवडली. स्वयंपाकाच्या बाईला बाबांनी नको म्हणून कळवलं.

आता ती गॅससमोर थोडा वेळ उभी राहते. खालच्या तुकड्यापाशी तिच्या खुर्चीत बाबा पेपर घेऊन बसतात. पेपराचं पान फारसं उलटत नाही, त्यांचं लक्ष तिच्या पायांकडे असतं. मी गाळ्यातून रोज दुपारी फोन करते. उचलायला उशीर झाला की हातातलं काम ठेवून बाहेर रस्त्यापर्यंत चालत जाते. मग बाबा उचलतात आणि मी काही विचारायच्या आतच सांगतात, की फरशी कोरडी आहे.