सुधाला सापडलेला फिका दगड

शेजारच्या बांधकामावर कुणी दगड फोडला की जळका वास येतो आणि मला बदलापूरमागचा डोंगर आठवतो. १९५५च्या सुमारास भूशास्त्राच्या वर्गात मुली दोघीच होतो, सुधा आणि मी. पुढे प्रयोगशाळेत काम करायला मात्र एकीलाच जागा होती.

सगळा डोंगर काळ्या कातळाचा. वर्गाच्या सहलीत त्यातच सुधाच्या हातोडीखाली गुलाबीसर, फिका दगड फुटला. सर ओरडलेच, "शाब्बास! रायोलाइट! हाही लाव्हाच, पण सिलिका भरपूर!" सुधा उन्हात हसत होती. त्याच वाटेने मी तिच्या पुढे चालत गेले होते. माझा नुसता जळफळाट झाला.

जागा तिलाच मिळाली. पण लगेच तिचं लग्न ठरलं आणि जागा माझ्याकडे आली. तिच्या दगडाची पूड करून सिलिका मीच मोजली, डोंगरावर पुन्हा जाऊन थरही पाहिला. सरांचं म्हणणं खरं निघालं.

हळदीच्या दिवशी तिला ते सांगितलं. पिवळ्या हातांनी तिने मला कोपऱ्यात ओढलं. "आणि थर? काळ्याच्या वर की खाली?"

"वर."

"म्हणजे नंतरचा," ती म्हणाली आणि डोळे मिटून तो डोंगर पाहत राहिली.

जागा माझ्याकडे होती, तरी तिच्या त्या मिटल्या डोळ्यांचा मला हेवा वाटला. वाटलं होतं, वयाबरोबर जाईल. गेला नाही.