रन भरेपर्यंत

नगरजवळच्या एका संशोधन केंद्रात मी जनुकं वाचणारं मशीन चालवते. ते सामायिक आहे. हृदयरोगाच्या डॉक्टरीणबाई रक्ताचे नमुने पाठवतात, राहुरीच्या कृषी विद्यापीठातून हरभऱ्याच्या पानांचे येतात. प्रत्येकाला वेगळी खूण जोडून सगळे एकाच खेपेत वाचायचे. या खेपेला आम्ही 'रन' म्हणतो. रसायनं महाग, म्हणून रन भरल्याशिवाय सुरू करायची नाही, हा नियम. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

मग मिरजगावहून एक बाई थेट दारात आल्या. सोबत शाळेच्या गणवेशातली मुलगी.

"मशीन हितंच हाय ना?"

बाईंचे वडील उसाच्या फडात अचानक कोसळून गेले होते, नंतर धाकटा भाऊ कबड्डी खेळता खेळता. घराण्यातच हृदयाचा दोष असावा, अशी डॉक्टरीणबाईंना शंका होती. भावाचं राखून ठेवलेलं रक्त आणि या मायलेकींचं रक्त त्यांनी अभ्यासासाठी पाठवलं होतं. मुलगी शाळेत धावण्यात पुढे. निकाल येईपर्यंत तिचं धावणं बंद.

"लई दिस झालं, मॅडम. कवा कळंल?"

माझ्याकडे नावं येत नाहीत, नुसते नंबर येतात, निकाल डॉक्टरच सांगतील, मी म्हणाले. आणि रन अजून भरलेली नाही.

"म्हंजी जीप भरल्याबिगर निघत न्हाई, तसंच की." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मुलगी सारखी टाचा उचलत होती, टेकवत होती. "मी जोरात चाललं तर चालतंय का?" तिनं मलाच विचारलं. "डॉक्टरांना विचार," मी म्हणाले.

त्या गेल्या आणि मला बसवेना. मी केंद्राच्या साहेबांकडे गेले. "अर्धीच चालवू या."

"आज हिच्यासाठी, उद्या कुणासाठी? इथं येणाऱ्या प्रत्येकाची घाई खरीच असते."

त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्तच चिडचिड झाली. राहुरीच्या संशोधकांना फोन लावला. त्यांचे नमुने पुढच्या महिन्यात येणार होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "डीएनए काढून ठेवलाय, शुद्ध आहे का ते तपासायचं राहिलंय. तुम्ही तपासणार असाल तर घेऊन जा."

नमुन्यांचा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन मी राहुरीहून एसटीनं परत निघाले. उसाच्या ट्रॉल्यांमागे बस अडकली. गरज नसताना मी झाकण पुन्हा पुन्हा दाबत होते.

रन भरली, सुरू झाली. पडद्यावरचे आकडे वाढत होते आणि मी उगाच येरझाऱ्या घालत होते. शेवटी फाइली तयार झाल्या. एकाच घरातले तीन नमुने ओळखणं मला अवघड नव्हतं. हात माउसवर गेला. मी उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. परत आले आणि फाइली न उघडता डॉक्टरीणबाईंना पाठवल्या.

"आता सांगाल ना त्यांना?" मी फोनवर विचारलं.

"नाही. हे संशोधनातलं. पुन्हा रक्त घेऊन निदानाच्या लॅबमधून खात्री करायची, मगच."

"अजून थांबायचं?"

"माझं चुकलं तर ती मुलगी धावेल आणि मरेल. थांबायचं."

तेही थांबणं संपलं. बाईंनीच मला कळवायला सांगितलं होतं, म्हणून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. दोष आईत होता. मुलीत नव्हता.

बाईंना औषधं सुरू झाली, ऊसतोडीला जाणं बंद झालं. मला वाटलं, मुलगी आता सुटली. पण आठवड्याभरानं बाईंचाच फोन आला.

"आता हीच पळंना बगा. म्हनती, तुला तसं असताना मी कशी पळू?"

"मग?"

"मग काय, मीच नेती तिला मैदानावर."

नंतर कितीतरी दिवस काही कळलं नाही. तालुक्याच्या स्पर्धा झाल्या तेव्हा पुन्हा फोन वाजला.

"पळाली. तिसरी आली."

"तुम्ही पाहिलंत?"

"न्हाई वो. तिकडं पाठ करून हुबी हुते. माज्यानं बगवंना. पोरी वरडाय लागल्या, तवा वळले. ती गुडघ्यावर हात ठिवून वाकली हुती, दम खात. काळजात धस्स झालं. मग तिनं वर बगितलं."