बैलांचं वॉर्म अप

आमच्या घरात शिकलेला मी एकटाच, आणि घराचं नाक कापलं तेही मी एकट्यानंच.

निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. उर्दूत शिकून मास्तर झालेल्या मला कवायतीच्या ट्रेनिंगला धाडलं. महिनाभरानं मी एकच इंग्रजी शब्द घेऊन परतलो: वॉर्म अप! म्हणजे कामाआधी अंग जरा तापवून घ्यायचं. पळणाऱ्यानं हातपाय हलवायचे, गवयानं गळा मोकळा करायचा, मोटारवाल्यानं गाडी जागेवरच घुरघुरू द्यायची. बायकोला म्हणालो, "जात्यावर बसायच्या आधी खांदे फिरव."

"पाणी भरून, शेण काढून आले. आजून काय फिरवू?"

(हिला शास्त्र कळत नाही, असं मी ठरवून टाकलं.)

त्या साली शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची बैलजोडी माझ्या मानवत गावच्या सासऱ्यांच्या जोडीबरोबर पळणार होती. व्याही विरुद्ध व्याही! पैज अशी, की हरणाऱ्यानं भर मैदानात जिंकणाऱ्याला फेटा बांधायचा. आबा जन्मात कुणापुढं वाकले नव्हते. महिनाभर बैलांना सरकी आणि अंडी, आम्हाला पिठलं!

शर्यतीच्या सकाळी मी म्हणालो, "आबा, बैलांचं वॉर्म अप ऱ्हायलंय."

"ते काय आस्तंय?"

"सायेब लोक करतेत. त्याबिगर पळणं म्हंजे निव्वळ अडाणीपणा."

साहेबाचं नाव निघताच आबांनी बैल सोडले. माणसाला दहा मिनिटं, असं ट्रेनिंगात सांगितलं होतं. बैलाला पाय चार, म्हणून दुप्पट. बैल दोन, म्हणून पुन्हा दुप्पट! (मी गणितही शिकवत असे.) रानाला फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. बैलांच्या तोंडाला फेस आला, तेव्हा शास्त्र लागू पडलं म्हणून मी खूश झालो.

झेंडी पडली. सासऱ्यांची जोडी धुरळा उडवत पार गेली. आमची चार पावलं चालली आणि खाली बसली. डाव्या बैलानं तर निवांत रवंथ सुरू केलं!

"आरं, ह्यांला झालंय काय?" आबा ओरडले.

"वॉर्म अप झालंय, आबा."

आबांनी व्याह्यांना फेटा बांधला. तेवढ्यात सासऱ्यांनी तो फेटा उतरवून माझ्याच डोक्यावर ठेवला. "ही जीत आमच्या जावईबापूची!"

झालं! सारं मैदान पेटलं. "फितूर! सासऱ्याला मिळाला! बापाला बुडवलं!"

आबा गर्रकन वळले. "खबरदार! माझ्या पोराला फितूर म्हनाल तर!"

माझे डोळे भरून आले. उभ्या आयुष्यात आबांनी चारचौघांत माझी बाजू घेतली नव्हती.

"फितुरीला अक्कल लागती," आबा गरजले. "ती ह्याच्यापशी हाय का, इचारा कुनालाबी!"

कुणीच विचारलं नाही. सगळे पटल्यासारख्या माना हलवत घरी गेले.